प्रयोगशाळेतली तार गाडीत कशी पोहोचते

मोटारीचं बॉनेट उघडलं की इंजिन दिसतं, बॅटरी दिसते, रेडिएटर दिसतो. काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला, सांदीकोपऱ्यातून वळसे घेत जाणारा तारांचा जुडगा मात्र कुणी पाहत नाही. धंद्यात त्याला वायरिंग हार्नेस म्हणतात. आजच्या मोटारीतल्या सगळ्या तारा सोडवून एकापुढे एक मांडल्या, तर लांबी किलोमीटरमध्ये मोजावी लागते. गाडीतल्या जड आणि महागड्या भागांमध्ये हार्नेसचा नंबर बराच वर लागतो. तरीही तो अजून बहुतांशी हातानंच बनतो. मोठ्या बोर्डवर खुंट्या ठोकलेल्या असतात, कामगार त्या खुंट्यांमधून तारा फिरवतात, टेप मारतात, टोकांना कपलर बसवतात. लुळी पडणारी तार उचलून नेमक्या जागी खोचणं यंत्रमानवाला अजून नीट जमलेलं नाही. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा पश्चिम युक्रेनमधले हार्नेसचे कारखाने थांबले आणि त्यापाठोपाठ जर्मनीतल्या फोक्सवागन, बीएमडब्ल्यू यांच्या जुळणीच्या काही लाइनी बंद ठेवाव्या लागल्या. इंजिन तयार, पत्रा तयार, आणि गाडी अडली ती तारांवाचून.

इतक्या जुन्या वळणाच्या वस्तूत एखाद्या संशोधकाची नवी कल्पना शिरते कशी? याचं अगदी सुरुवातीपासून तपासून बघता येईल असं उदाहरण म्हणजे कॅन बस, म्हणजेच कंट्रोलर एरिया नेटवर्क. तुमची मोटार गेल्या पंधरा वर्षांतली असेल, तर तिच्यात ही व्यवस्था आहे असं धरून चाला. तिच्यावरचं काम १९८३ मध्ये जर्मनीतल्या बॉश कंपनीत सुरू झालं.

त्या काळात गाडीत एकेक इलेक्ट्रॉनिक पेटी येऊ लागली होती. १९७८ मध्ये ब्रेक सांभाळणारं बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं. १९७९ मध्ये इंजिनचं इंधन आणि ठिणगी दोन्ही सांभाळणारी मोट्रॉनिक ही पेटी बीएमडब्ल्यूत आली. प्रत्येक पेटी आपापलं काम चोख करत होती, पण एकमेकींशी बोलत नव्हती. अडचण सुरू झाली ती पुढच्या पायरीवर. ओल्या रस्त्यावर चाक जागच्या जागी फिरायला लागलं, तर ते ब्रेकच्या पेटीला आधी कळतं, कारण चाकांचा वेग मोजणारे सेन्सर तिच्याकडे असतात. त्यावर खरा उपाय मात्र इंजिनचा जोर कमी करणं हा असतो आणि ते इंजिनच्या पेटीच्या हातात असतं. गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीतही तेच. गिअर पडताना क्षणभर इंजिननं जोर सोडला तर धक्का बसत नाही. म्हणजे पेट्यांनी बोलायला हवं. प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र तार ओढायची तर पाच पेट्यांना दहा जोडण्या लागतात, दहा पेट्यांना पंचेचाळीस.

बॉशमधले अभियंते उवे किएन्के यांनी आधी बाजारात असलेल्या संदेशवहनाच्या पद्धती तपासल्या. गाडीच्या गरजा भागवणारी एकही सापडली नाही, म्हणून नवी पद्धत आखायला घेतली. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कॅनचं कौतुक ‘तारा कमी करणारं तंत्र’ असं केलं जातं. पण तारा वाचवणं हा तिचा मूळ उद्देश नव्हता, तो पदरात पडलेला जोडलाभ होता. उद्देश होता गाडीला नवं काही करता यावं हा. माझ्या मते कल्पना टिकली ती यामुळेच. चार मीटर तार वाचते एवढ्यासाठी कुठलीही मोटार कंपनी चालू असलेली रचना मोडत नाही. जे काम आजवर होतच नव्हतं ते आता होईल, असं दाखवलं तरच ती दार उघडते.

आता ही व्यवस्था चालते कशी ते पाहू. सगळ्या पेट्या एकाच तारांच्या जोडीला टांगलेल्या असतात. दोन तारा एकमेकींभोवती पीळ देऊन वळलेल्या. शांत असताना दोन्हींवर साधारण अडीच व्होल्ट असतात. कुणाला शून्य हा अंक पाठवायचा असेल, तर एक तार साडेतीन व्होल्टवर चढते आणि दुसरी दीडवर उतरते. एक हा अंक पाठवायचा असेल, तर दोन्ही अडीचवरच राहतात. ऐकणारा एकेका तारेचा व्होल्टेज पाहत नाही, दोन्हींमधला फरक पाहतो. शेजारून स्पार्क प्लगची केबल गेली किंवा वायपरची मोटर सुरू झाली, तरी त्यांचा उपद्रव पीळ दिलेल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच होतो आणि फरक तसाच राहतो. तारांना वरून महागडं जाळीचं कवच घालावं लागत नाही, ते याचमुळे.

संदेश कुणा एका पेटीच्या नावानं जात नाही. दवंडी पिटल्यासारखा तो सगळ्यांना ऐकू जातो आणि ज्याला त्याची गरज आहे तो घेतो. ‘इंजिनचे फेरे इतके’ हा संदेश गिअरची पेटी घेते, डॅशबोर्ड घेतो, एसीची पेटी घेते. उद्या चौथ्या कुणाला तो हवा असेल, तर पाठवणाऱ्यात काहीही बदलावं लागत नाही.

पण दोन पेट्या एकाच क्षणी बोलायला लागल्या तर? कॅनची खरी करामत या प्रश्नाच्या उत्तरात आहे. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला त्याचा अकरा बिटांचा क्रमांक असतो. विजेची रचना अशी आहे की एकानं शून्य आणि दुसऱ्यानं एक पाठवला, तर तारेवर शून्यच उमटतो. प्रत्येक पेटी पाठवता पाठवता तारेवर काय उमटलं तेही वाचत असते. आपण एक पाठवला आणि तारेवर शून्य दिसला, म्हणजे आपल्यापेक्षा लहान क्रमांकाचा, अर्थात जास्त महत्त्वाचा संदेश जातो आहे, हे तिला त्याच क्षणी कळतं आणि ती गप्प बसते. जिंकलेल्या संदेशाला धक्का लागत नाही, त्याला पुन्हा सुरुवात करावी लागत नाही, एका बिटाचाही वेळ फुकट जात नाही. म्हणून ब्रेकच्या संदेशाला लहान क्रमांक देतात आणि काच वर-खाली करण्याच्या संदेशाला मोठा. सेकंदाला पाच लाख बिटांचा वेग धरला, तर आठ बाइटचा एक पूर्ण संदेश साधारण पाव मिलिसेकंदात पोहोचतो.

या करामतीची किंमतही मोजावी लागते. दोन टोकांच्या पेट्यांना एकमेकींचा प्रत्येक बिट तो बिट संपायच्या आत दिसायला हवा, तरच कोण जिंकलं ते ठरतं. सेकंदाला दहा लाख बिट पाठवायचे तर एका बिटाला एक मायक्रोसेकंद मिळतो आणि तेवढ्यात संकेताला जाऊन यायचं असतं, त्यामुळे तारेची लांबी चाळीस मीटरच्या आसपास अडते. मोटारीला हे पुरतं. पुढे माहिती वाढली तेव्हा बॉशनंच २०१२ मध्ये कॅन एफडी आणली. तिच्यात क्रमांकाची चढाओढ जुन्याच वेगानं होते आणि एकदा बोलणारा एकच उरला की वेग वाढवला जातो. आठऐवजी चौसष्ट बाइट जातात.

आणखी एक सोय फारशी चर्चेत येत नाही. एखादी पेटी बिघडून सतत चुकीचं बोलायला लागली, तर ती आपल्या चुका स्वतःच मोजते. आकडा ठरावीक हद्दीपलीकडे गेला की स्वतःला तारेवरून तोडून घेते. बाकीची गाडी चालू राहते. कागदावर ही एवढीशी गोष्ट, पण मोटार कंपनीच्या अभियंत्याला ही विचारसरणी आपल्यातल्याच कुणाची तरी वाटली असणार.

इथवर झालं संशोधन. बाजाराच्या हिशेबानं यातून अजून काहीच हाती आलेलं नसतं. नवं तंत्र किती पिकलं आहे हे सांगायला नासानं एक ते नऊ अशा पायऱ्यांची मोजपट्टी रूढ केली आणि आता जगभर तीच वापरतात. पहिल्या तीन पायऱ्या विद्यापीठं हौसेनं चढतात. सातव्यापासून पुढे कंपन्या पैसे घालतात. मधल्या चार ते सहा या पायऱ्यांना वाली नसतो. शोधनिबंध लिहून झालेला असतो, माल मात्र विकण्याजोगा नसतो. बहुतेक चांगल्या कल्पना तिथेच धूळ खातात.

बॉशनं ही मधली वाट कशी ओलांडली ते पाहण्यासारखं आहे. आराखडा कच्चा असतानाच मर्सिडीज-बेंझचे अभियंते चर्चेला बसवले होते, म्हणजे गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून खोलीत होतं. चिप बनवू शकणारी इंटेलही होती. ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलच्या संस्थेतले प्राध्यापक वोल्फहार्ड लॉरेन्झ सल्लागार होते. कंट्रोलर एरिया नेटवर्क हे नाव त्यांचंच. १९८५ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला मोटार अभियंत्यांच्या संमेलनात ही पद्धत जगापुढे मांडली गेली. आधी पेटंट, मग भाषण. हा क्रम उलटा झाला तर पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

१९८७ मध्ये इंटेलची ८२५२६ ही पहिली कॅन चिप आली आणि लवकरच फिलिप्सची ८२सी२०० आली. दोघांची वाट वेगळी होती. इंटेलची चिप आपल्या कामाचे संदेश स्वतः निवडून ठेवायची. फिलिप्सची ते काम बरंचसं पेटीतल्या प्रोसेसरवर सोपवायची, म्हणून स्वस्त. दोघांत चांगली कोणती यावर अभियंते भांडत राहिले. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की विकणारे दोन झाले. ज्या भागाला एकच पुरवठादार आहे तो भाग मोटार कंपनीच्या खरेदी विभागाला नको असतो. उद्या त्यानं भाव वाढवला किंवा कारखान्याला आग लागली, तर गाडी उभी राहायची.

चिप मिळाली म्हणजे गाडीत बसली असंही नाही. या धंद्यात नमुन्यांच्या चार पायऱ्या असतात. ए सॅम्पल म्हणजे कल्पना चालते एवढं दाखवणारा, हातानं जोडलेला नमुना. बी सॅम्पल चाचणीच्या गाडीत बसतो. सी सॅम्पल खऱ्या उत्पादनाच्या साच्यांतून निघतो. डी सॅम्पल खऱ्या लाइनीवरून उतरतो आणि त्यावर मंजुरीची सही होते. प्रत्येक पायरीला नमुन्याचा छळ केला जातो. उणे चाळीस अंशांची थंडी, इंजिनजवळ शंभराच्या पुढचं तापमान, मिठाचं पाणी, तासन्‌तास हादरे. गाडी सुरू करताना बॅटरीचा व्होल्टेज एकदम कोसळतो, ते सोसावं लागतं. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीची तार निसटली तर व्होल्टेज उसळतो, तेही सोसावं लागतं. कुणी मेकॅनिकनं बॅटरी उलटी जोडली तर? त्याचीही चाचणी असते. शिवाय रेडिओलहरींची बंद खोली आहेच: या तारांनी गाडीतल्या रेडिओत खरखर आणता कामा नये आणि बाहेरच्या ट्रान्समीटरनं या तारांना गोंधळात पाडता कामा नये.

ही परीक्षा किती गरजेची आहे, त्याचा पुरावा त्याच सुमाराच्या गाड्यांत सापडतो. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या काही मर्सिडीज गाड्यांत इंजिनवरून जाणाऱ्या तारांचं आवरण उष्णतेनं ठिसूळ होऊन गळून पडायचं, तारा उघड्या पडायच्या, इंजिन अडखळायचं. जुन्या गाड्या बाळगणारे हौशी लोक अजूनही त्या वर्षांची गाडी घेण्याआधी हार्नेस बदललाय का ते विचारतात. संदेश पोचवणारी चिप टिकली आणि साधं प्लास्टिक टिकलं नाही. तारेतलं पदार्थविज्ञान वर्षानुवर्षांच्या उष्णतेतच खरं उतरतं. प्रयोगशाळेतल्या काही आठवड्यांत त्याचा अंदाज येतो, खात्री नाही. तांब्याऐवजी वापरायच्या ॲल्युमिनियमचीही तीच गत. ते तांब्याच्या साधारण तीस टक्के वजनाचं असतं आणि वीज साधारण साठ टक्के वाहतं, म्हणजे तार जाड घेतली तरी वजनात फायदाच. पण त्याच्यावर हवेत लगेच ऑक्साइडचा थर धरतो, दाबून बसवलेलं टोक काळानं सैल होतं आणि टोकाच्या पितळी लगशी सांधा होतो तिथे ओल लागली की ॲल्युमिनियम झिजतं. संशोधनाचा पैसा तारेवर कमी आणि टोकाच्या सांध्यावर जास्त खर्च होतो, तो यासाठी.

कॅनकडे परत येऊ. गंमत अशी की तिची सुरुवातीची गिऱ्हाइकं मोटारवाली नव्हतीच. फिनलंडच्या कोने कंपनीनं ती लिफ्टमध्ये वापरली, युरोपातल्या यंत्रमाग बनवणाऱ्यांनी कापड विणायच्या यंत्रांत घातली, फिलिप्सच्या वैद्यकीय विभागानं एक्स-रे यंत्रांत. यंत्र बनवणारी कंपनी वर्षाला थोडीच यंत्रं विकते, तिला चिप चार पैसे महाग पडली तरी चालते आणि ती निर्णय महिन्यांत घेते. मोटारीचा आराखडा रस्त्यावर येण्याच्या कितीतरी आधी गोठवलेला असतो. नवं तंत्र घेऊन मोटारीच्या दारात बसून राहणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं: मधल्या वर्षांत पोट भरायला दुसरं गिऱ्हाईक लागतं. १९९२ मध्ये या सगळ्या वापरणाऱ्यांनी आणि बनवणाऱ्यांनी मिळून ‘कॅन इन ऑटोमेशन’ ही संघटनाही काढली.

त्याच सुमारास मर्सिडीजच्या वरच्या दर्जाच्या गाड्यांत कॅन आली. आधी इंजिन आणि चालनाच्या पेट्या जोडल्या, मग दारं, सीट, एसी यांचं वेगळं जाळं झालं आणि दोन्हींच्या मध्ये निरोप्याचं काम करणारी एक पेटी बसली. आधी महागडी गाडी, मग मधली, मग स्वस्त. वायरिंगमधली बहुतेक नवी तंत्रं याच जिन्यानं उतरतात. उतरता उतरता चिपचा भावही उतरला, इतका की कॅनचा भाग वेगळा राहिलाच नाही, मायक्रोकंट्रोलरच्या पोटातच छापला जाऊ लागला.

मैदानात प्रतिस्पर्धी होते. फ्रेंच कंपन्यांची व्हॅन ही पद्धत होती, अमेरिकेत जे१८५० होती. आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवताना बरीच ओढाताण झाली आणि आयएसओ ११८९८ हे प्रमाण १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. बॉशनं पेटंट आपल्याकडे ठेवलं, पण परवाना कुठल्याही चिप कंपनीला दिला. हा निर्णय मी सगळ्यांत मोलाचा मानतो. तार हा दोन टोकांना जोडणारा माल आहे. एका टोकाला तुमची पेटी आणि दुसऱ्या टोकाला तुमच्या वैऱ्याची पेटी असणारच आहे. एकट्यानं मालकी मिरवायची असेल, तर तार सोडून दुसरा धंदा पाहावा. शेवटी कायद्यानंही हात दिला. अमेरिकेत गाडीच्या प्रदूषणविषयक बिघाडांची माहिती ज्या सॉकेटातून काढतात, तिथे २००८ च्या मॉडेलपासून कॅनच सक्तीची झाली आणि बाकीच्या पद्धती मागे पडल्या. कल्पनेपासून चिप चार वर्षांत, गाडी आठ-नऊ वर्षांत, सक्ती पंचवीस वर्षांत.

बाजारात पोहोचलेल्या तंत्राची शेवटची परीक्षा गॅरेजमध्ये होते. कॅनच्या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, नाहीतर संकेत टोकावर आपटून माघारी येतो. दोन रोध समांतर, म्हणून बॅटरी सोडवून सॉकेटातल्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवर मल्टिमीटर लावला की साठ ओहम यायला हवेत. एकशेवीस आले तर कुठेतरी तार तुटली आहे, शून्याजवळ आले तर दोन्ही तारा चिकटल्या आहेत. पावसाळ्यात उंदरानं बॉनेटखाली संसार थाटलेला असेल तर हा आकडा लगेच चुगली करतो. साध्या मीटरनं तपासता येणं ही छोटी गोष्ट नव्हे. जे तंत्र रस्त्याकडेच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला उलगडत नाही, त्याला दुरुस्तीची माणसं शिव्या घालतात आणि त्या शिव्या विक्रीपर्यंत पोहोचतात.

कॅनची एक उणीवही पुढे दिसली. १९८३ मध्ये गाडीत बाहेरून कुणी घुसेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून संदेश कुणी पाठवला हे पडताळायची सोय कॅनमध्ये ठेवलीच नाही. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी इंटरनेटवरून चालत्या जीप गाडीचा ताबा घेऊन दाखवला आणि कंपनीला चौदा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. दार उघडं होतं ते रेडिओच्या पेटीचं, पण आत शिरल्यावर अडवणारं कुणी नव्हतं.

प्रयोगशाळेतून गाडीत जाण्याची कॅनची हीच वाट पुढे संगणकांना जोडणाऱ्या इथरनेटनं चालून दाखवली. २००८ च्या बीएमडब्ल्यूत गॅरेजमध्ये सॉफ्टवेअर भरायला नेहमीचं इथरनेट आलं, कारण कॅनवरून ते भरायला तासन्‌तास लागायचे. मग ब्रॉडकॉमच्या चिपनं कवच नसलेल्या, पीळ दिलेल्या एकाच जोडीवरून सेकंदाला दहा कोटी बिट पाठवता येतात आणि ते रेडिओलहरींच्या परीक्षेतही पास होतं, हे दिसून आलं. २०११ मध्ये गाड्या बनवणारे आणि चिप बनवणारे अशांची ओपन अलायन्स ही संघटना झाली, २०१३ मध्ये एक्स५ या गाडीच्या कॅमेऱ्यांना ती जोडी लागली आणि आयट्रिपलईचं प्रमाण आलं २०१५ मध्ये. दोन्ही वेळा क्रम एकच: गाडी आधी धावली, प्रमाणाचा शिक्का मागून बसला. प्रमाण होईपर्यंत थांबू म्हणणारे दोन्ही वेळा मागे राहिले.

हे सगळं आपल्यापासून दूर नाही. पुण्याभोवती चाकण, रांजणगाव पट्ट्यात गाड्याही बनतात आणि हार्नेसही. रेडिओलहरींची बंद खोली पुण्यातच, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय या मोटार संशोधन संस्थेकडे आहे. अभियांत्रिकीच्या मुलांच्या प्रकल्पांत कॅनचे खेळ दर वर्षी दिसतात, त्यातले काही खरोखर चांगले असतात आणि प्रदर्शन संपलं की कपाटात जातात. तुमच्या हाती वायरिंगमधलं काही नवं लागलं असेल, तर ते किती तार वाचवतं हे सांगत बसू नका; गाडीला आज न जमणारं काय जमेल ते एका वाक्यात लिहा, हार्नेस बनवणाऱ्या कारखान्यात जाऊन बोर्डसमोर उभ्या असलेल्या माणसाला ते कसं जोडायचं ते विचारा आणि महाविद्यालयाच्या संमेलनात निबंध वाचण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा. त्यानंतर पूर्ण तपशील दाखल करायला भारतीय कायदा बारा महिने देतो.